अंगावरचा शर्ट

माझ्या नवऱ्याची त्यांच्याशी ओळख करून दिली तेव्हा त्यांनी नवऱ्याचं नाव विचारलं नाही. बँकेत कुठल्या शाखेत असता, हेही विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवला, नवऱ्याच्या कॉलरपाशी वाकून बघितलं आणि म्हणाले, "हा कोणी शिवला?"

"रेडिमेड आहे, सर. ऑनलाइन मागवला. सेल होता."

"ते दिसतंय. पण शिवला तर असेलच ना कोणीतरी? का आपोआप शिवून आला?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघितलं, कारण तो शर्ट मीच मागवला होता आणि सेलचा आनंदही माझाच होता. घरी जाताना नवरा एवढंच म्हणाला, "तुमच्या कॉलेजात बरे आहेत ना सगळे?"

आमच्या श्रीरामपूरच्या कॉलेजात ते भूगोल शिकवायचे. स्टाफरूममध्ये आम्ही सगळेच एकमेकांचे सर आणि मॅडम. पण पुढे आडनाव न लावता कोणी नुसतं 'सर' म्हटलं, की ते म्हणजे हेच. मी कॉमर्सची, वयाने त्यांच्याहून बरीच लहान. तरी ते मला 'मॅडम' म्हणायचे आणि मी खोलीत आले की खुर्चीतून अर्धे उठायचे. फिकट निळा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, त्याला कडक इस्त्री, काळी पँट आणि पॉलिश केलेले बूट. परीक्षेच्या सुपरव्हिजनला वर काळा कोट. श्रीरामपूरच्या उन्हात कोट घालून फिरणारा माणूस एक तर नवरदेव असतो, नाही तर आमचे सर.

कपडे मोजकेच. नोकरीच्या सुरुवातीला ते अकोले तालुक्यात, घाटाकडच्या राजूरच्या शाळेत होते. तिथल्या पावसात चार-चार दिवस कपडा वाळायचा नाही. "एक अंगावर, एक दोरीवर, एक इस्त्रीत. चौथा कशाला लागतो?" असं ते विचारायचे. माझ्या घरी कपाटाचं दार खांद्याने रेटून बंद करावं लागतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

प्रथम वर्षाच्या मुलांचं पहिलं प्रॅक्टिकल ठरलेलं. मुलांनी एकमेकांच्या कॉलरी उलटून आतली पट्टी वाचायची. कापूस कुठला असेल, सूत कुठे निघालं असेल, कापड कुठे विणलं, शिलाई कुठे झाली, हे सगळं शोधून जगाच्या नकाशावर रेघा ओढायच्या. मुलींचे ड्रेस बहुतेक गल्लीतच शिवलेले, त्यामुळे त्या लवकर सुटायच्या. मुलांच्या रेघा मात्र समुद्र ओलांडून जायच्या आणि परत श्रीरामपूरच्या मेन रोडला यायच्या. नकाशा बघून सर एखाद्याला म्हणायचे, "अरे, तुझा शर्ट तुझ्यापेक्षा जास्त हिंडलाय. तू अजून नगरच्या पलीकडे गेला नाहीस." मुलं हसली की दुसरा प्रश्न यायचा, "एवढं हिंडून हा इतका स्वस्त कसा पडला? वाटेत कोणाचा तरी खिसा कापला गेला असेल. कोणाचा, ते शोधून आणा." दरवर्षी दोघं-तिघं खरंच शोधायला बसायची. बाकीची नकाशा जमा करून मोकळी व्हायची.

विडी-सिगारेटचं व्यसन नसताना त्यांच्या खिशात कायम काडेपेटी असायची. कपड्याच्या आतल्या शिवणीतला एक दोरा ओढायचा आणि तो पेटवून बघायचा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते; प्लास्टिकचा असला तर वितळून काळा मणी होतो. मेन रोडचे कापडदुकानदार त्यांना लांबून ओळखायचे. "सर आले, काडेपेटी लपवा," असं म्हणायची त्यांची रीत होती, जरी काडेपेटी सरांचीच असायची.

एकदा गॅदरिंगला एक पुढारी पाहुणे म्हणून आले. कापसाच्या भावावर तासभर बोलले. पांढऱ्या सोन्याचं मोल शहराला कळत नाही म्हणाले, टाळ्या घेतल्या. चहाच्या वेळी सर अदबीने त्यांच्याजवळ गेले. "साहेब, शर्टाचा दोरा लोंबतोय," म्हणाले, दोरा तोडून घेतला आणि तिथेच काडी ओढली. मणी झाला. सरांनी तो मणी बशीत ठेवून साहेबांपुढे केला आणि विचारलं, "यात आमच्या शेतकऱ्याचं काय आहे?" प्राचार्यांनी बशी उचलली आणि मला डोळ्यांनी खुणावलं, की यांना बाहेर घेऊन जा. मी त्यांना बाहेर नेलं खरं, पण पायऱ्यांवर बसून आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

त्यांचा शिंपी ठरलेला होता. चर्चच्या मागच्या गल्लीत एक ख्रिस्ती टेलरमास्तर होते, म्हातारे. सर त्यांच्याकडे कापड टाकायचे ते आषाढात, जेव्हा मास्तरांना काम नसायचं. दिवाळी-नाताळात चुकूनही नाही. "त्या दिवसांत लोक मास्तरांचे डोळे काढून घेतात. आपण तरी सोडावे." शर्टाची कॉलर घासली की ती उसवून, उलटवून पुन्हा लावायची, मग शर्ट आणखी काही वर्षं जायचा. शेवटी तो इतका विरायचा की आरपार दिसायचं, तेव्हा त्याच्या उशीच्या खोळी व्हायच्या, खोळींची फडकी व्हायची. आमच्या वर्गांतले फळे सरांच्या बाह्यांनी पुसले जायचे, हे मला फार उशिरा कळलं.

पण जुना शर्ट ते कोणाला देत नसत. आमच्या शिपायाने एकदा सहज विचारलं, "सर, एखादा जुना शर्ट असला तर द्या, भावाला होईल." सर त्याच्यावर भडकले नाहीत. त्याला भावाला घेऊन यायला सांगितलं, दोघांना टेलरमास्तरांकडे नेलं, भावाला रंग निवडायला लावला आणि नवा शर्ट शिवून दिला. शिपाई आम्हाला म्हणाला, "मी फाटकं मागितलं, हे कोरं देत्यात. काय म्हनावं या मान्साला?" आम्ही त्याला विक्षिप्तपणा म्हटलं आणि विषय संपवला.

असंच एका समारंभात त्यांची ओळख करून देताना कोणी तरी 'साधी राहणी, उच्च विचारसरणी' म्हटलं. माईक हातात आल्यावर सर म्हणाले, "माझी राहणी साधी नाही. मी रोज इस्त्री करतो, बुटाला पॉलिश करतो. साधं राहायचं कौतुक ज्याच्या घरी ट्रंकभर कपडे होते त्याने करावं. आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या साधं राहायला लावलेलं होतं." त्यांच्या घराच्या भिंतीवर बुद्धाच्या शेजारी कोट-टायमधला तो फोटो होता. तो कोणाचा, हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. तेव्हा मला वाटलं, ते इतकं नीट राहतात ते त्या फोटोकडे बघून. ते खरं होतं, पण अर्धंच.

बाकीचं अर्धं मला भांडणातून कळलं. भांडण मीच काढलं होतं.

आमच्या विद्यार्थ्यांच्या सेवा-गटाचं काम माझ्याकडे होतं. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीची माणसं येतात, कारखान्याजवळच्या माळावर त्यांच्या कोप्या, उसाच्या पाचटाच्या झोपड्या, पडतात. आम्ही ठरवलं, की गावातून जुने कपडे गोळा करायचे आणि कोप्यांवर वाटायचे. लोकांनी भरभरून दिले. जिमखान्याच्या खोलीत छताला लागेल असा ढीग झाला आणि मी ढिगासमोर मुलांना उभं करून फोटो काढत होते. तेवढ्यात सर आले. त्यांनी ढिगातून एक पँट ओढली, तिला चेन नव्हती. शर्ट ओढला, त्याला एकही बटण नव्हतं.

"मॅडम, देणाऱ्यांनी बटणं काढून ठेवलीत. बटणं चांगली होती म्हणून."

मला राग आला. मुलांनी आठवडाभर दारोदार फिरून जमवलं होतं. मी म्हणाले, "सर, कपडे पुन्हा पुन्हा वापरा, टाकू नका, हे तुम्हीच शिकवता ना? मग हे काय वेगळं आहे? तुम्ही तर स्वतःचा एक शर्टही कधी कोणाला देत नाही."

मुलं इकडेतिकडे झाली. सर ढिगाच्या कडेला बाकावर बसले. आवाज अजिबात न चढवता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली.

त्यांचं गाव पाथर्डीच्या पुढचं, दुष्काळी. वडील पाटलांच्या वाड्यावर राबायचे. पाटलांच्या मुलाचा जुना शर्ट घालून सर दुसरीत जात. मुलगाही त्याच वर्गात. एके दिवशी खेळताना त्या मुलाचा नवा शर्ट टर्रकन फाटला. तो रडत वर्गात आला, यांच्याकडे बोट करून म्हणाला, "त्यो माझा हाय. मला दे." गुरुजींनी भानगड नको म्हणून सांगितलं, दे रे काढून. यांनी बटणं सोडली आणि काढून दिला. त्या दिवशीच्या उरलेल्या तासांना ते उघडेच बसले आणि उघडेच घरी गेले.

"आमचा बाप कधी रडला नाही," सर म्हणाले. "त्या दिवशी रडला. आणि मला म्हणाला, पुन्यांदा कुनाचं उतरलेलं आंगाला लावायचं न्हाई. फाटकं घाल, पन तुझं घाल. मी त्याच्या पायाला हात लावून शब्द दिला. घेणार नाही, आणि कोणाला देणारही नाही. आजवर पाळलाय."

त्यांच्यापुढे मला फार लहान वाटलं. मी म्हणाले, "मग हे सगळं परत करून टाकू?"

त्यांनी तो बिनबटणाचा शर्ट घडी घालून बाकावर ठेवला. मग म्हणाले, "नको. थंडी तर आहेच. पण वाटायचं नाही. दुकान मांडायचं. आणि पुरुषांच्या कपड्यांचं. बायकांना साडी, पोरांना स्वेटर, सगळे देतात. गडी माणसाला काय आवडतं, हे त्याला जन्मात कोणी विचारत नाही."

पुढचे काही दिवस जिमखान्यात धोबीघाट झाला. घालण्याजोगं तेवढंच ठेवलं, बाकीचं गोधड्यांना गेलं. मुलांनी कपडे धुतले, इस्त्री केली, सरांनी टेलरमास्तरांना आणून बटणं लावून घेतली. नियमही सरांचाच: अंगावरचा किंवा घरातला एक शर्ट, कसाही असो, इथे ठेवायचा आणि एक न्यायचा. "फुकट म्हटलं की माणूस हात पसरतो. बदली म्हटलं की निवडतो." आणि आरसा. माणसाएवढा आरसा त्यांनी स्वतःच्या घरातून, टेम्पोत घालून आणला. शिवाय आडोशाला एक पडदा.

रविवारी माळावर आमचं दुकान लागलं. बांबूला दोरी आणि दोरीला हँगर. आम्ही उतरलो तशी टोळीच्या मुकादमाने शिट्टी मारली आणि सगळे गडी रांगेत उभे राहिले. पहिल्याने दोन्ही हात पुढे केले.

"रांग मोडा!" सर ओरडले. "दुकानात रांगेत उभे राहता का? फिरा, बघा, घालून बघा. नाही आवडलं तर परत टांगा."

कोणी हलेना. मग एक जण हसला, एक पडद्याआड गेला, आणि हळूहळू माळावर बाजाराची गडबड सुरू झाली. थोराड माणसं आरशापुढे उभी राहून स्वतःकडे चोरून बघत होती. एकाने मिशीला हात लावला आणि त्याची बायको पदराआड हसत सुटली. सर हात मागे बांधून फिरत होते, इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

एक माणूस मात्र बराच वेळ घोटाळत होता. चाळिशीचा असेल, सडपातळ, हातावर पाचटाचे ओरखडे. अंगात तपकिरी चौकड्यांचा टेरिकॉटचा शर्ट, जळक्या उसाच्या काजळीने काळपटलेला. त्याने प्रत्येक हँगर बघितला, दोन शर्ट घालून बघितले, नीट बटणं लावून परत टांगले. शेवटी सरांपुढे येऊन म्हणाला, "गुरुजी, यातला एक बी न्हाई आवाडला."

मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. सरांनी मात्र त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! हे खरं गिऱ्हाईक. मॅडम, आज आपलं दुकान झालं. बोल, कसला पाहिजे तुला?"

"तुमच्या आंगावर हाय ना, त्यो."

मुलं हसली आणि लगेच गप्प झाली, कारण सर हसले नव्हते. त्यांचा चेहरा उतरला होता. का, ते तिथे फक्त मला माहीत होतं.

"हा घातलेला आहे, बाबा," सर म्हणाले. "सकाळपासून घाम आलाय याला. जुना आहे. कॉलरसुद्धा उलटवलेली आहे."

"मंग ह्ये समदं काय कोरं हाय व्हय?" त्याने हँगरांकडे हात केला. त्यात टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. "आनि मी काय फुकाट मागत न्हाई. तुमचाच नेम हाय, एक ठेवायचा, एक न्यायाचा. माझा घ्या की."

"पण हाच का?"

तो थोडा घुटमळला. मुकादम लांब आहे ना, हे बघून हळू बोलला. "तुमी आलात तवा मुकादम खाटंवरनं उठून हुबा ऱ्हायला. कुनासाठी उठत न्हाई त्यो. माझी पोरगी बारावीला हाय, गावाकडं आजीपाशी. औंदा पास झाली की कॉलेजात घालायची म्हनती. तवा मला हापिसात जावं लागंल. माझ्याकडं बघून तिला कुनी भाईर हुबं करू नये."

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला, मग ते टोक हातातच धरून ठेवलं. "गाव कुठलं तुझं?" त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं. सरांच्या गावाच्या शिवेला शीव होती. सरांनी आपलं गाव सांगितलं आणि मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल असं पुढे म्हणाले, "मी तिथल्या बौद्धवाड्यातला."

"व्हय का. आमच्या गावात आमी बौद्धवाड्याच्या बी पल्याडचं, वड्याच्या कडंचं," तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने आपल्या शर्टाची वरची बटणं सोडायला सुरुवात केली. काढून, झटकून, घडी घालून त्याने तो सरांपुढे धरला. "मेव्हन्याच्या लग्नात आहेर आलेलं कापड हाय. काजळी लागलीया, पन फाटलेला न्हाई कुठं."

माळावर उघडा उभा असलेला तो माणूस आणि त्याच्यासमोर सर, हे मला अजून दिसतं. वडिलांना दिलेला शब्द सरांनी इतकी वर्षं सांभाळला होता आणि तो एका बाजूला होता. दुसऱ्या बाजूला त्यांनीच केलेला नियम होता, आणि त्यांनीच 'निवड' म्हटलं म्हणून निवडलेला शर्ट. सर नाही म्हणाले असते तरी त्या माणसाने वाईट वाटून घेतलं नसतं. तो मुकाट्याने दोरीवरचा एखादा घेऊन गेला असता. त्याला सवय होती.

सरांनी त्याच्या हातातला शर्ट घेतला आणि पडद्याआड गेले. पडद्यावरून आधी निळा शर्ट बाहेर आला. तो त्या माणसाने घातला. मग सर आले. चौकड्यांच्या बाह्या मनगटापर्यंत पोचत नव्हत्या, पोटावरचं बटण ताणलं होतं. ते आरशासमोर उभे राहिले. शेजारी तो येऊन उभा राहिला, कॉलर चाचपत. "उलटवल्याली कळत बी न्हाई," तो म्हणाला. "लई दिस टिकंल ह्यो."

सरांचा हात सवयीने खिशाकडे गेला, काडेपेटी अर्धी बाहेर आली. माझ्याकडे बघून त्यांनी ती परत आत टाकली. त्या शर्टाचा दोरा त्यांनी कधीच जाळून बघितला नाही.

"पोरीला आमच्याच कॉलेजात आण," एवढं ते त्याला म्हणाले.

त्यांना घरी सोडायला मीच गेले. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. त्या झेडपीच्या शाळेत शिक्षिका होत्या, बोलायला मोकळ्या. पण त्या दिवशी 'या' न म्हणता त्यांनी शर्टाची बाही चिमटीत धरून बघितली. "कोणाचा आहे?" म्हणाल्या.

"बदली केली."

त्यांना ती दुसरीतली गोष्ट माहीत असणारच. "द्या, धुवायला टाकते," एवढंच म्हणाल्या. सर म्हणाले, "मी धुतो." त्यांनी मोरीत बसून तो स्वतः धुतला, काजळीचं पाणी बराच वेळ जात होतं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मला हळूच म्हणाले, "वाळतो मात्र झटक्यात. ते मान्य करायला पाहिजे."

त्या शर्टाचं त्यांनी काय केलं, हे मी विचारलं नाही. मार्चअखेर कोप्या उठल्या, माळ मोकळा झाला. एप्रिलमध्ये सर निवृत्त झाले. निरोपसमारंभाला निळा शर्ट आणि काळा कोट होता. शाल त्यांनी घेतली नाही. ती इथेच राहू द्या, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल, म्हणाले.

मग निकाल लागले आणि जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. ऑफिसात ही गर्दी. काउंटरवर नवीन लागलेला कारकून, कामाला चांगला पण सर निवृत्त झाल्यावर आलेला. मी आतल्या टेबलावर कागद तपासत होते. डोकं वर केलं तर दारात तो उभा. निळा शर्ट, पूर्ण बाह्या, इस्त्रीची घडी, नीट विंचरलेले केस. शेजारी ताठ मानेची मुलगी, छातीशी फाइल धरलेली.

"या सर, बसा ना," कारकून म्हणाला आणि काउंटरसमोरची एकुलती एक खुर्ची पुढे केली.

तो बसला. मला इतका आनंद झाला की मी उठून पुढे जाणार होते. तेवढ्यात त्यांच्या मागून आणखी एक जण आत आला. तपकिरी चौकड्यांचा, बाह्या आखूड पडणारा शर्ट, पायात चपला, कपाळावर चढवायचा चष्मा हातात.

"ओ काका, तुम्ही बाहेर थांबा," कारकून म्हणाला. "एका विद्यार्थ्याबरोबर एकच पालक. इथे गर्दी करू नका. बाहेर, बाहेर."

ते आमचे सर होते. याच ऑफिसात इतकी वर्षं ज्यांना पाहून सगळे उठायचे, ते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवून मला गप्प केलं. ते खरंच मागे सरकले. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले, हात पुढे बांधून, जसे त्या माळावर रांगेतले गडी उभे होते.

निळ्या शर्टातल्या माणसाने मागे वळून पाहिलं. क्षणभर त्याला काही कळलं नाही. मग तो ताडकन उठला. "आवं, ह्ये काय? ह्ये गुरुजी हायेत," तो कारकुनाला म्हणाला. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. त्याने खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि दारापाशी नेऊन ठेवली. "बसा, गुरुजी."

"तू बस. काम तुझं आहे."

"तुमी बसल्याबिगर मी बसत न्हाई."

कारकून घाबरून बाहेर आला, माफी मागायला लागला. "सर, ओळखलं नाही मी, खरंच."

"मला ओळखायचं काही कारण नाही," सर शांतपणे म्हणाले. "हा शर्ट ज्याचा, तोच हा घालून आला असता, तर उभाच राहिला असता ना? तेवढं बघा पुढच्या वेळी." कारकून दुसरी खुर्ची आणायला धावला. पण ती येईपर्यंत दोघंही उभेच होते आणि पहिल्या खुर्चीवर मुलीने आपली फाइल ठेवून अर्ज भरायला घेतला होता.

प्रवेश झाला. मुलगी फी भरायच्या खिडकीपाशी गेली, तिचे वडील समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेले. सर गेटजवळच्या कट्ट्यावर बसले. मी शेजारी बसले.

"चौकड्यांचाच का घातलात आज?" मी जरा चिडूनच विचारलं. "तुम्हाला ठाऊक होतं असं काहीतरी होणार."

"मुद्दाम घालून आलो," ते म्हणाले. "दुसरीत शर्ट काढून दिला, तेव्हापासून आत एक भीती बसलेली आहे, मॅडम. इस्त्री केली, कोट घातला, सगळं केलं. पण कोणी पुन्हा अंगावरचा शर्ट काढून घेतला तर मी किती उरतो, हे कधी बघायचं धाडस झालं नाही. आज बघितलं."

"मग? किती उरलात?"

तो टपरीकडून येत होता. दोन्ही हातांत मिळून चहाचे तीन ग्लास, आणि निळ्या शर्टावर थेंब पडू नये म्हणून कोपरं अंगापासून लांब धरलेली. सर त्याच्याकडे बघत राहिले.

"त्यानं माझ्यासाठी खुर्ची सोडली ना," ते म्हणाले. "तेवढा उरलो."